धुऱ्यापलीकडची कीड

नागपूरहून काटोलची एसटी फेटरी ओलांडते तेव्हा प्लॉट विकणाऱ्या पाट्या विरळ होतात आणि दोन्ही बाजूंना कापूस दिसू लागतो. नोव्हेंबर होता. तुरीला फुले होती आणि संत्र्याच्या अंबिया बहाराची तोडणी सुरू होती. २०१४ चे भौगोलिक मानांकन 'नागपूर संत्रा' या नावाने मिळाले असले, तरी बागा पाहायच्या तर काटोल, नरखेड करत वर्धा नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीपर्यंत जावे लागते. मी त्याच वाटेने निघाले होते.

काटोलजवळच्या बागेत पोचले तर झाडाखाली फळांचा सडा. लांबून फळ धड दिसे. हातात घेतले की एका जागी टाचणीएवढे भोक, आणि दाबले की आंबूस रस. हा रस शोषणाऱ्या पतंगाचा उद्योग. दिवसा तो दिसत नाही. अंधार पडला की येतो, सालीतून सोंड खुपसतो आणि निघून जातो. दोन-चार दिवसांत फळ गळते. पतंगाची अळी मात्र संत्र्यावर वाढत नाही. ती वाढते गुळवेलीवर, वासनवेलीवर, म्हणजे धुऱ्यावरच्या कुंपणात. ती वेल उपटा, संध्याकाळी बागेत धूर करा, गळलेली फळे पुरा, असा सल्ला सगळ्यांना पाठ आहे.

"धुरा अर्धा माहा, अर्धा त्याचा," बागवाले काका म्हणाले. "त्याच्या बाजूची वेल मी कशी उपटू? अन् तो राह्यते नागपूरले. शेत ठेक्यानं देल्लं."

पुढच्या ओळीतली झाडे काळवंडलेली होती, चुलीजवळच्या भिंतीसारखी. ही कोळशी. काळी माशी पानांतला रस पिते आणि तिच्या गोड, चिकट स्रावावर काळी बुरशी चढते. पानाला ऊन मिळत नाही, झाड उपाशी राहते. माशीच्या वर्षात तीन पिढ्या होतात. निम्म्या अंड्यांतून पिल्ले बाहेर पडली की फवारायचे आणि तेही आसपासच्या सगळ्या बागांनी एकदम. एकट्याने फवारले तर शेजारची माशी परत येते.

औषधाचीही एक कथाच आहे. ज्या औषधाची संत्र्यासाठी नोंदणी झाली आहे, त्याचीच शिफारस कृषी खात्याला करता येते. ती यादी आखूड आहे. दुकानातले कपाट मात्र लांब. शेतकरी मग दुकानदाराला विचारतो.

"अन् विमा?" मी विचारले.

काकांनी गळलेले फळ पायाने बाजूला केले. फळपीक विमा हवामानावर आधारलेला आहे. ठरलेल्या मुदतीत, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राने ठरलेल्या मर्यादेबाहेरचा पाऊस किंवा तापमान नोंदवले तर भरपाई मिळते. पतंगाने किती फळ पाडले हे त्या यंत्राला कळायचे काही कारण नाही.

नरखेडहून पुढे मोवाड लागते. ३० जुलै १९९१ ला वर्धेच्या पुराने इथली दोनशेवर माणसे नेली. गाव नव्या जागी वसवावे लागले. पुलावरून जाताना नदीचे पात्र रुंद, पाणी थोडे. पलीकडे वरूड तालुका सुरू होतो. तिथे पाण्याचे दु:ख नेमके उलटे आहे, पण त्याआधी शेंदुरजनाघाटला जायचे होते.

सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावात पन्हेऱ्या आहेत. जंभेरी आणि रंगपूर लाइमच्या खुंटांवर संत्र्याचा डोळा बांधायचा, कलम तयार करायचे आणि विकायचे. ओळीत बसलेल्या कारागिरांची बोटे इतकी झरझर चालत होती की चाकू दिसेचना. इथली कलमे मध्य प्रदेशात जातात, राजस्थानात जातात. मुळांना लागलेली मातीही जाते. त्याच मातीत फायटोफ्थोराची बुरशी असली तर तीही गाडीत बसते. कलम लावताना काही दिसत नाही. झाड फळावर येते, तेव्हा बुंध्यातून डिंक पाझरतो, साल कुजते, पाने पिवळी पडतात. शेतकरी याला डिंक्या म्हणतो. मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट बुंध्याला लावतो, आणि ओलिताच्या दांडाने तीच बुरशी पुढच्या झाडाकडे पोचवतो.

उपाय माहीत नाहीत असे नाही. निर्जंतुक माती, पिशवीतली रोपे, जमिनीपासून वीतभर वर बांधलेला डोळा. पण असे कलम महाग पडते आणि गिऱ्हाईक भाव विचारते, डोळ्याची उंची नाही. फळरोपवाटिकांना परवाना लागतो; १९६९ पासून तसा कायदा आहे. पण खरेदी आज होते आणि रोग कळतो पाच-सहा वर्षांनी. तोवर पावती कोणाजवळ असते?

वरूडला संध्याकाळी एका बागेत बोरवेलचे गणित ऐकले. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत विहिरीला १९९३ च्या कायद्याने बंधन आले. २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर निर्बंध. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. इथे बोर आठशे, हजार फुटांची भाषा बोलतात.

"दोनशे फुटावर धूळ निंगते," बागमालक म्हणाले. "कायदा पाळला त झाड मरते. नाही पाळला त शेजाऱ्याची विहीर मरते."

मृग बहारासाठी उन्हाळ्यात झाडाचे पाणी तोडून त्याला ताण देतात. पाऊस वेळेवर आला तर झाड फुलते. लांबला तर ताण तोडायला विहिरीत पाणी हवे. २०१९ च्या उन्हाळ्यात वरूड-मोर्शीत बागाच्या बागा वाळल्या आणि वीस-वीस वर्षांची झाडे सरपणाला गेली.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या शेडमध्ये मोठे फळ, मध्यम फळ आणि चुरी असे वेगवेगळे ढीग लागत होते. क्रेट होते, ट्रक होते, पण बांगलादेशच्या गाड्या कमी झाल्याची तक्रार हमाल आणि व्यापारी दोघांचीही. त्या देशाचे आयातशुल्क २०१९ मध्ये किलोला २० रुपयांच्या आसपास होते, ते २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेले. निम्मा भार उचलण्याची घोषणा राज्य सरकारने केली. पण तिकडे न गेलेले फळ इथल्याच बाजारात येते आणि सगळ्यांचाच भाव पाडते, ज्याने कधी निर्यात केली नाही त्याचाही.

वाटभर हेच दिसत होते. पतंग, माशी, बुरशी, भूजल, भाव, यांतले काहीच एका शेतापुरते नाही. परवाना, विमा, अनुदान, बंदी मात्र सात-बाऱ्यावरच्या एकेका नावाने चालते.

मोर्शीला अप्पर वर्धा धरणाच्या वाटेवर चहाच्या टपरीवर एक तरुण बागायतदार भेटला. त्याने सांगितले की गेल्या हिवाळ्यात शिवारातल्या सगळ्यांनी काळ्या माशीसाठी एकाच आठवड्यात फवारणी केली. एकजण तयार नव्हता, पैसे नव्हते त्याच्याजवळ.

"मंग?"

"आमीच वाटून खर्च केला. त्याच्यावर उपकार नाही, ताई. त्याच्या बागेतून माशी आमच्याकडेच येनार होती."

यंदा पाने बरी आहेत, म्हणाला. पुढे धुऱ्यावरची गुळवेल काढायचेही ठरले आहे. मी विचारले, असेच बोरचेही बसून ठरवता येईल का?

तो हसला. "ते नका विचारू. शिवारातला सगळ्यात खोल बोर माहाच हाये."