दुष्यंताचं वकीलपत्र

शकुंतला आमच्याकडे नेहमीच उशिरा यायची. कालिदासाच्या शकुंतलेबद्दल मी बोलत नाही. ती बिचारी वेळेवर गेली होती, उशीर झाला तो राजाला. मी म्हणतो ती आमची, यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी शकुंतला. 'धावणारी' हा शब्द केवळ व्याकरणाच्या सोयीसाठी घ्यायचा. अंतर ११३ किलोमीटर, रूळ अरुंद, आणि इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेलं. ते १९९४ पर्यंत वाफ सोडत होतं. गाडी इंग्रजांच्या काळातल्या खासगी कंपनीची. स्वातंत्र्य आलं, पण मालकी कंपनीकडेच राहिली. चालवायची आपल्या रेल्वेनं आणि मोबदला द्यायचा कंपनीला. म्हणजे नांदत होती सासरी, पण सातबारा माहेरच्या नावावर!

मी त्या वेळी यवतमाळला शाळेत शिकवत असे आणि घर दारव्ह्याला. एस.टी. असताना या गाडीनं का येता, असं लोक विचारत. त्याचं कारण साधं होतं. एस.टी.त वह्या तपासता येत नाहीत. शकुंतलेत दारव्ह्याला बसलो की यवतमाळ येईपर्यंत एका वर्गाचा गठ्ठा संपायचा, शिवाय डुलकीही व्हायची. फाटक आलं की गाडी थांबे, कुणीतरी उतरून फाटक लावी, गाडी पुढे जाई, तो परत फाटक उघडी आणि चालत येऊन गाडीत बसे. त्याला पळावं लागलेलं मी कधी पाहिलं नाही.

अशाच एका प्रवासात आमच्या डब्यात दुष्यंतावर खटला उभा राहिला.

त्याचं असं झालं, स्नेहसंमेलनात मी शाकुंतलाचा पाचवा अंक मराठीत बसवत होतो. तोच तो, शकुंतला दरबारात येते आणि राजा तिला ओळखत नाही. दुष्यंताचं काम करणारा मुलगा हुशार होता, म्हणजे शिक्षकाला अडचणीचा. तालमीत तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "सर, मी खरंच विसरलोय की विसरल्यासारखं करतोय? चेहरा कसा करायचा?"

आता काय सांगणार? मी म्हटलं, "तू आधी पाठांतर कर." पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. गाडीत तो मी सहज बोलून दाखवला, आणि समोरच्या बाकावरच्या वकीलसाहेबांनी पानाची पिंक खिडकीबाहेर टाकून दुष्यंताचं वकीलपत्र घेतलं. फी न घेता त्यांनी घेतलेली बहुधा ही एकच केस असावी.

"गुरुजी, केसमध्ये दमच नाही," ते म्हणाले. "दुर्वासाचा शाप आहे. शापामुळे विस्मरण. विस्मरण म्हणजे हेतू नाही. हेतू नाही तर गुन्हा कशाचा? आरोपी निर्दोष."

मी म्हटलं, "शाप कालिदासाचा आहे हो. व्यासांच्या महाभारतात शाप नाही, अंगठी नाही, मासा तर नाहीच. तिथे राजाला सगळं आठवतंय. आठवत असूनही तो भर सभेत म्हणतो, मला आठवत नाही, तू कोण? पुढे आकाशवाणी होते, मुलगा तुझाच म्हणून. तेव्हा म्हणतो, मला ठाऊकच होतं, पण नुसत्या हिच्या शब्दावर हिला घेतली असती तर लोकांना शंका आली असती."

डब्यात थोडी शांतता पसरली. गाडीही थांबलेली होती, पण त्याचा संबंध नाही.

आमच्या डब्यात दवाखान्यातल्या एक सिस्टर असत. इतका वेळ त्या स्वेटर विणत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "दरवर्षी आमच्याकडे दोन-तीन पोरी येतात, मास्तर. पोट पुढे आलेलं, सोबत आई रडत. त्यांच्यातल्या एकाही दुष्यंताला दुर्वास भेटलेला मी तरी पाहिला नाही. व्यासांचंच खरं."

"पण व्यासांची शकुंतला पक्की आहे," मी म्हटलं. "लग्नाआधीच अट घालते, माझ्या मुलालाच गादी हवी."

"शहाणी हो पोरगी!" सिस्टर म्हणाल्या आणि सुईवरचे टाके मोजू लागल्या.

वकीलसाहेब हार मानणारे नव्हते. आपल्या अशिलाचा खटला त्यांनी कालिदासाच्या कोर्टात वर्ग करून मागितला. पण तिथेही मला एक बारीक पुरावा सापडला होता. दुसऱ्या अंकाच्या शेवटी दुष्यंत विदूषकाला राजधानीत परत पाठवतो. हा आता घरी जाऊन राण्यांपुढे बडबडेल, ही भीती. म्हणून जाता जाता सांगतो, अरे, ते शकुंतलेचं बोलणं मी थट्टेत केलं हं, खरं धरू नकोस. लक्षात घ्या, दुर्वास अजून आश्रमाच्या वाटेलाही लागलेला नाही! राजा शापाच्या आधीच खोटं बोलायला शिकलेला आहे. शापानं फक्त त्याची सोय केली.

"हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं," वकीलसाहेब कुरकुरले. सगळेच अशील असं करतात म्हणे.

दाराजवळ सीताफळांची पाटी घेऊन एक म्हातारी बसली होती. तिनं मध्येच विचारलं, "काऊन गुरुजी, त्या मासोळीच्या पोटात आंगठी गावली म्हून त्याले आठवलं ना?"

"हो."

"आन नसती गावली तं?"

यावर वकीलसाहेबांनाही कलम सुचेना. इंजिननं शिट्टी दिली.

इथपर्यंत मी दुसऱ्याच्या खटल्यात साक्ष देत होतो. साक्षीदाराला फार बरं वाटतं. पण म्हातारीचा प्रश्न माझ्या पाटावर येऊन बसला.

माझं शिक्षण झालं ते एका लांबच्या काकूच्या घरी. वडील नव्हते. पाच वर्षं तिनं मला जेवू घातलं, तेही लोकांच्या पापड-कुरडया लाटून. मी मास्तर झाल्यावर एकदा शाळेत तपासणी होती. मोठे साहेब आलेले, हेडमास्तरांच्या टेबलावर फुलं, माझ्या अंगावर उसना कोट. आणि दारात काकू उभी. दंड घातलेलं लुगडं, हातात डबा, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. साहेबांनी विचारलं, "कोण या?" मी म्हटलं, "गावाकडच्या ओळखीच्या एक बाई आहेत."

तिनं ऐकलं. डबा शिपायाच्या हातात दिला आणि ती गेली.

तेव्हा मला सगळं आठवत होतं. तिच्या हातचं वरण आठवत होतं, तापात कपाळावर ठेवलेली पट्टी आठवत होती. चेहरा कसा करायचा हे मात्र त्या दिवशी मला कुणालाही विचारावं लागलं नाही.

दुपारी चहाबरोबर शिपायानं तो डबा उघडला. तिळाचे लाडू निघाले. साहेबांनी चार खाल्ले आणि म्हणाले, "वा! कुणी केले हे?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "आमच्या काकूनं." दुष्यंताची खूण माशाच्या पोटातून निघाली, माझी पितळी डब्यातून. हा शोध मला त्या दिवशी लागला नाही, गाडीत लागला.

गाडी यवतमाळला लागली तेव्हा ऊन उतरलं होतं. वकीलसाहेबांनी काळा कोट झटकला आणि पुढची तारीख मागून घेतली. ती तारीख काही लागली नाही. वकीलसाहेब गेले, सिस्टर बदली होऊन पुसदला गेल्या, आणि आता तर शकुंतलाही कित्येक वर्षं बंद आहे. २०२४ साली वर्ध्याहून कळंबपर्यंत मोठ्या रुळाची गाडी आली. कळंब म्हणजे आमचं चिंतामणीचं. गौतमाच्या शापातून सुटायला इंद्रानं तिथे गणपती बसवला, अशी कथा आहे. आपल्या देवांनाही आमचा जिल्हा आठवतो तो असा, अडचणीत!

त्या दिवशी मी खोलीवर गेलो नाही, थेट काकूकडे गेलो. डबा परत करायचा राहिलाच होता, चांगली दोन वर्षं. ती ओसरीवर कुरडया मोडत होती. मी सुरुवात केली, "काकू, त्या दिवशी शाळेत..."

"काय रे बाबू?" ती म्हणाली. "इतकी मोठी माणसं बसलेली, गडबडला असशील तू. कामात असलं की माणसाला सुचते का काही?"

कालिदास काही निराळं करत नाही. ज्याच्यावर जीव असतो त्याच्यासाठी माणूस घाईघाईनं एक दुर्वास शोधून आणतो. मी म्हटलं, "नाही काकू, मी गडबडलो नव्हतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग कुरडयांचं सूप बाजूला सारून विचारलं, "साहेबाला आवडले का रे लाडू?"

"चार खाल्ले."

"चारच?" ती म्हणाली. "तरी मी म्हणत होते, गूळ जरा कमी झाला."