दोन मिनिटांचे पाणी

मराठीत ‘बंब’ म्हटले की पाण्याने भरलेली लाल गाडी डोळ्यांपुढे येते. पण बंबखान्यात आयुष्य काढलेला माणूस त्या गाडीकडे मिनिटांच्या हिशेबाने पाहतो. साडेचार हजार लिटरची टाकी असलेल्या बंबाचा मिनिटाला २,२५० लिटरचा पंप पूर्ण क्षमतेने चालवला, तर टाकी दोन मिनिटांत कोरडी पडते; म्हणूनच पाण्याचा पहिला झोत सुटतो तेव्हा हायड्रंटचा, म्हणजे दाबाच्या जलवाहिनीवर बसवलेल्या तोटीचा, शोध सुरू झालेला असतो. विहिरीतून पाणी घ्यायचे, तर पंपातील आणि सक्शन नळीतील हवा आधी काढून टाकावी लागते, ज्याला प्रायमिंग म्हणतात. नळीच्या एखाद्या सांध्यातील वायसर जरी निसटला असला, तरी हवा आत शिरत राहते, पाणी चढत नाही आणि हाताशी असलेली मिनिटे वाया जातात.

बंबांचे इतर प्रकार गरजेतून घडले आहेत. तेलाच्या आगीसाठी असलेला फोम टेंडर जळत्या तेलावर फेसाची साय पसरवतो, ज्यामुळे तेलाची वाफ आणि हवा यांची भेट टळते. उंच इमारतींसाठीची टर्नटेबल लॅडर, म्हणजे फिरत्या चौथऱ्यावरील शिडी, कितीही लांब असली, तरी तिचे आधारपाय रोवायला गल्लीत जागा नसेल, तर ती मिटलेलीच राहते.

बचाव गाडीत चेपलेले दार फाकवणारा हायड्रॉलिक स्प्रेडर असतो, पत्रा कापणारा कटर असतो आणि दोन बोटे जाडीची रबरी एअर बॅगही असते. अर्धा मीटर लांबी-रुंदीच्या या पिशवीत आठ बार दाबाची हवा भरली, की ती सुरुवातीला सुमारे वीस टनांचा जोर लावते. अग्निशामकाच्या पाठीवरील बाटलीत साधारण दोन हजार लिटर हवा मावते, जी कष्टाच्या कामात अर्ध्या तासाच्या आसपास पुरते. दाब ठरावीक पातळीखाली उतरला की शिट्टी वाजते, आणि ती वाजण्याआधीच धुराबाहेर पोचलेले असावे, हा या कामाचा दंडक आहे.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली, तेव्हा पाण्याला तोटा नव्हता. जहाजातील स्फोटके किती वेळ धीर धरतील, हे सांगणारी शिट्टी मात्र कुठेच नव्हती. त्या स्फोटांत ६६ अग्निशामक मृत्युमुखी पडले आणि तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जाऊ लागला.