दहाच्या आतले

भंडारा जिल्ह्यात कोळसा नाही, तुमसर तालुक्यात मँगनीज आहे. मॉईल या सरकारी कंपनीची चिखल्याची खाण जमिनीखाली, डोंगरी बुजुर्गची उघडी. 2024 च्या डिसेंबरात चिखल्याला छत कोसळून 2 कामगार दगावले. पुढच्याच महिन्यात, 24 जानेवारी 2025 ला, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन किमान 8 जण गेले आणि भंडाऱ्याचं नाव देशभर झालं. चिखला तोवर मागे पडला होता. वर्तमानपत्रांची खोड म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण सरकारी मोजपट्टीही हीच आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या लेखी एका वेळी 10 किंवा अधिक माणसं मेली तर ती आपत्ती, त्याखाली नुसता अपघात. नुकसानभरपाईचा कायदा मात्र मेलेल्याचं वय आणि पगार तेवढा पाहतो. सोबत आणखी किती गेले, हे विचारत नाही. घराच्या हिशेबाला हाच कायदा जवळचा आहे.

यावर कुणी म्हणेल, मोठ्या दुर्घटनेत सगळी व्यवस्थाच फसलेली असते, म्हणून तिची चौकशीही मोठी. खरं आहे. 27 डिसेंबर 1975 ला चासनाल्याच्या कोळसा खाणीत पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. तिथे साधी चौकशी पुरली नसती. पण पाणी पाळीच्या पाळी बुडवतं, तर छत त्याखाली उभ्या असलेल्या एकदोघांनाच गाठतं. म्हणजे आकडा सांगतो तो तिथे किती जण उभे होते एवढंच. चूक केवढी होती, ते नाही. काम सुरू करण्याआधी सळईने छत ठोकून पाहतात: खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर मागे सरायचं. ते कुणी ठोकलं, बद्द वाजल्यावर काम थांबवायचा अधिकार त्याच्याकडे होता का, की त्या दिवशीचं उत्पादन आड आलं, हे प्रश्न दोघांच्या मरणातही तेवढेच मोठे असतात.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. घरच्यांनाच गाजावाजा नको असतो. पगार, क्वार्टर, दवाखाना सगळं खाणीचं, आणि पावसाच्या भरवशावरच्या धानापुढे महिन्याचा पगार कोण सोडील? (ठेकेदाराकडच्या माणसाला तर क्वार्टरचीही आशा नसते.) पण चौकशी मागणं म्हणजे खाण बंद पाडणं नव्हे. प्रत्येक मृत्यूचा चौकशी अहवाल मराठीत त्या घरी पोचावा आणि हजेरीच्या जागी वाचून दाखवावा, एवढं तर मागता येईल. पुढच्या पाळीला त्याच छताखाली उतरणाऱ्यांनाही तो ऐकायचा आहे.