किती लांबून बघणार?

लग्नाच्या हॉलमध्ये शिरलं की आजकाल आधी रेघा दिसतात, मग माणसं. काळ्याभोर, कडक, डोळ्याच्या कोपऱ्यातून कानाकडे उडालेल्या. कौशल्याचं काम आहे, नावं ठेवायचं कारण नाही. फोटोत तर त्या फारच खुलतात. पण तीच मुलगी जेवायला शेजारी येऊन बसली की बोलता बोलता आपण तिच्या रेघेशीच बोलायला लागतो. मला विचाराल तर लायनर लावलंय हे कळू नये आणि आज हिचे डोळे काही वेगळेच दिसतायत एवढं मात्र वाटावं. म्हणायला सोपं आहे. करायला बसलं की हात थरथरतो.

मला हे शिकवलं माझ्या भाचीने, लालबागच्या घरात, खिडकीपाशी स्टुलावर बसवून. तिच्याकडे पेनासारखं लायनर नव्हतंच. चपट्या डबीत घट्टसर, काळपट तपकिरी जेल आणि टोकाला तिरका कापलेला चपटा ब्रश. ब्रश जेलमध्ये बुडवला की आधी तो हाताच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी पुसायचा, इतका की त्यावर काही उरलं नाही असं वाटावं. भिंतीवरचा आरसा तिने वापरू दिला नाही. हातातला आरसा हनुवटीच्या खाली धरायला लावला, म्हणजे त्यात बघताना पापणी आपली आपण खाली येते, बोटाने ताणावी लागत नाही. कोपर टेबलावर, करंगळी गालावर.

“ओढू नकोस मावशी, टेकव.”

सगळं मर्म त्या टेकवण्यात आहे. रेघ ओढायला गेलं की मुंबईच्या दमट हवेत कातडी ब्रशबरोबर सरकते आणि रेघ नागमोडी होते. ब्रशची धार पापणीच्या केसांच्या मुळांशी, केसांमधल्या बारीक फटींत टेकवत जायची. बाहेरच्या कोपऱ्यापासून आत. नाकाजवळ येईपर्यंत ब्रशवर जवळजवळ काहीच नसतं, आणि तिथे तसंच हवं. मग घाई. जेल अर्ध्या-एक मिनिटात घट्ट बसतं, त्याआधी दुसरा छोटा, मऊ, कोरडा ब्रश तपकिरी पावडरीत टेकवून त्या कडेवरून फिरवायचा. कड गेली पाहिजे, रंग राहिला पाहिजे. खाली लावायचंच असेल तर बाहेरच्या कोपऱ्यात, तिसऱ्या हिश्शापुरतं. खालून वरून गच्च काळा वेढा घातला की डोळा लहान होतो आणि माणूस सदा दचकलेला दिसतो.

या सगळ्या वेळात तोंड उघडं राहतं. डोळ्याला काही लावताना तोंड का उघडावं लागतं कोण जाणे, पण मला शिकवणारीचंही उघडंच होतं.

पापणीचे केस मुळात डोळ्यावर थोडी सावली धरतातच. मुळांशी भरलेला रंग ती सावली गडद करतो, एवढंच. कड विरलेली असली की बघणाऱ्याला ती सावली वाटते. कड धारदार असली की कुणीतरी काढलेली रेघ वाटते. वय झालं, पापणीला घडी पडली की धारदार रेघ त्या घडीत तुटते आणि तुटलेली रेघ सगळं वय सांगून टाकते. काळ्यापेक्षा तपकिरी बरा तो यासाठीच. हे मी आता ठामपणे सांगते, पण काळं पेन ज्या आत्मविश्वासाने वापरायचे, तोही असाच ठाम होता.

आजीच्या काजळाला हा मऊपणा फुकट मिळायचा. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी पालथी घालून धरलेली काजळी, ती तुपात कालवून डबीत भरलेली. घालायचं बोटाने, आणि बोटाला धार नसते. दुपारपर्यंत ते गालावर यायचं हा भाग निराळा. बाळांच्या डोळ्यांत तर डॉक्टर आता काजळ घालूच देत नाहीत, आणि बरोबरच आहे; बाजारातल्या कित्येक सुरम्यांत शिसं निघालेलं आहे. तीट गालाला लावावी, डोळा सोडून द्यावा.

पण मऊ रेघच खरी आणि कडक ती खोटी, असं म्हणायची माझी तयारी नाही. प्रश्न असतो तो बघणारा किती लांब उभा आहे याचा. ऑफिसात समोरच्या टेबलावरून, लोकलमध्ये शेजारच्या सीटवरून बघणारं माणूस हातभर अंतरावर असतं. तेवढ्या अंतराला भाचीचा ब्रश. शिवाजी मंदिरात नाटकाला मागच्या रांगेत बसलेल्याला तो दिसणारही नाही.

नाटक संपल्यावर रंगपटात जायचा योग आला असेल तर आठवून बघा. रंगमंचावर जिचे डोळे पाणीदार वाटत होते ती नटी दोन हातांवर आली की घाबरायला होतं. खालची रेघ पापणीच्या खरोखरच्या काठापासून खाली ओढलेली, काठ आणि रेघ यांच्यामध्ये पांढरा भरलेला, आणि बाहेरच्या कोपऱ्यात वरची-खालची रेघ एकमेकींना न मिळालेल्या. जवळून पाहिलं तर डोळ्याबाहेर आणखी एक डोळा. पण हा दुसराच मागच्या रांगेपर्यंत पोचतो. मधलं अंतर आणि दिवे त्याची कड खाऊन टाकतात. परळचं दामोदर १९२२ सालचं, गिरगावातलं साहित्य संघ मंदिर १९६४ चं, दादरचं शिवाजी मंदिर १९६५ चं. या तीन नाट्यगृहांच्या रंगपटांत किती डोळे असे बाहेर ओढले गेले असतील! दामोदर २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झालं, तेव्हा तिथल्या आरशांपुढे तोंड उघडून बसणंही थांबलं.

कॅमेऱ्याचं अंतर आणखी वेगळं. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ची तयारी दादरला केली आणि ३ मे १९१३ रोजी तो गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात नोकरी करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवलं. पुढे १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोघंही तेच. त्या काळची फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. ओठाचा, कातडीचा लालपणा पडद्यावर काळा उतरायचा. गोरटेला रंग फासून चेहरा उजळायचा आणि डोळे त्यातून कोरून काढायचे, हाच मार्ग. तेव्हा आपल्या पडद्यावरच्या पहिल्या नायिकेचे डोळे पुरुषाचे होते, हे लायनरच्या बाबतीत नाक मुरडणाऱ्या काकालोकांना अधूनमधून सांगावं.

माझ्या डोक्यात हा अंतराचा विचार मुळात आला तो मात्र ना रंगपटात ना सिनेमात; घराखालच्या फुटपाथवर आला.

आषाढ सरता सरता परळ-लालबागच्या रस्त्यांना ताडपत्र्यांचे कारखाने फुटतात. त्यांतल्या कित्येकांच्या पाटीवर अजूनही ‘गणेश चित्रशाळा’ असंच लिहिलेलं असतं. आत फळ्यांवर ओळीने गणपती. अंग रंगलेलं, पितांबर पिवळं, सोंडेवर शेडिंग झालेलं, आणि डोळे नुसते पांढरे. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. काही कारागीर आखणीच तेवढी करतात, एका चित्रशाळेतून दुसरीत जातात, आणि शेवटच्या आठवड्यात त्यांचा रुबाब बघण्यासारखा असतो. अंगाला रंग मारायला स्प्रे गन आली, दागिन्यांना सोनेरी खडे आले, डोळ्यांपाशी मात्र गोष्ट झिरो नंबरच्या ब्रशवर येऊन थांबते.

अशाच एकाचं काम मी बाजूला उभी राहून बघत होते. शाडूची दीड फुटी मूर्ती त्याने मांडीवर घेतली. ब्रश तळहातावर गोल फिरवून टोक काढलं. पहिला रंग काळा नव्हताच. विटकरी-तपकिरी, पातळ, वरच्या पापणीच्या काठाला. आणि लगेच नुसत्या पाण्याचा दुसरा ब्रश त्याच्या वरच्या कडेवरून. कड वर विरत गेली. भाचीचा मऊ ब्रश मला तिथेच दिसला. मग गडद रंग, तोही काळ्यात लाल मिसळलेला, अगदी काठाशी. मग बाहुली. आणि इथे तो जरा थांबला. बाहुली पूर्ण गोल काढायची नसते. तिचा वरचा भाग पापणीखाली गेला पाहिजे. अख्खी गोल दिसली की देव वटारून बघतोय असं वाटतं. सगळ्यात शेवटी ठिपक्याएवढा पांढरा, त्याला ते चमक म्हणतात.

एक डोळा झाला. म्हटलं, किती सुरेख!

“एक डोळा कुणीपण काढेल ताई,” तो वर न बघता म्हणाला. “दुसरा काढायला लागतो तो आखणीवाला.”

घरी आरशापुढे बसणाऱ्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगायला नको. डावा उजव्याशी जुळवायला जावं, मग उजवा डाव्याशी, आणि रेघ वाढत वाढत भुवईला टेकावी. आखणीवाल्याचं दुखणं आणखी अवघड होतं. दोन्ही डोळे सारखे असून त्याचं भागत नव्हतं. दोन्हींची नजर एकाच जागी पडायला हवी होती. ती जागा कुठली ते त्याला ठाऊक होतं. घरातला गणपती चौरंगावर किंवा टेबलावर बसणार, समोर माणसं पाटावर, आरतीला उभी. नजर थोडीशी खाली, दीड-दोन हातांवर. मूर्ती हातात धरून तो ती स्वतःपासून तेवढ्याच अंतरावर नेऊन बघत होता.

मोठ्या मूर्तीला हा हिशोब पार उलटतो. गणेश गल्लीचं मंडळ १९२८ चं. तिथे १९७७ मध्ये दीनानाथ वेलिंग यांनी २२ फुटी मूर्ती उभी केली आणि मग लालबाग-परळमध्ये उंचीची चढाओढ लागली. परळचे विजय खातू यांनी अशा मूर्तींवर हयात घालवली. २०१७ मध्ये ते गेले आणि त्यांची लेक रेश्मा खातू यांनी तो कारखाना पुढे चालवायला घेतला. एवढ्या मूर्तीची आखणी बांबूच्या परांचीवर उभं राहून होते. कारागिराच्या नाकासमोर हाताएवढा डोळा असतो, अख्खा चेहरा त्याला दिसतच नाही. म्हणून खाली रस्त्याच्या पलीकडे कुणीतरी उभं असतं आणि बसच्या हॉर्नवर आवाज चढवून ओरडत असतं, “डावा जरा खाली घे!” वर तो खाली घेतो. तिथून बघाल तर रेघ बोटाएवढी जाड आणि कड चांगली कडक. ती विरवायला तो बसत नाही. खाली उभ्या माणसापर्यंत पोचता पोचता ती आपोआप मऊ होते. बाहुलीसुद्धा नेहमीपेक्षा खाली सरकवलेली असते, नाहीतर देव समोरच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्याकडे बघत बसेल आणि रांगेतला माणूस कोरडाच परतेल.

लालबागच्या राजाला दोन रांगा आहेत, नवसाची आणि मुखदर्शनाची. मंडळ १९३४ चं, मूर्ती पिढ्यान् पिढ्या कांबळी कुटुंबाची. नवसाची रांग थेट पायांशी जाते आणि तिथे डोकं टेकवलं की वर बघायला पुरता श्वासही मिळत नाही, मागचे ढकलतात. पाय मिळतात, नजर मिळत नाही. मुखदर्शनवाल्यांना पाय मिळत नाहीत, पण लांबून ती नजर बरोबर अंगावर येते. मी मुखदर्शनवाली. ज्या अंतरासाठी डोळे आखलेत त्या अंतरावर उभं राहावं, असं माझं साधं मत; नवस बोललेल्यांना ते पटणार नाही.

कोरोनात हे सगळं गणित मोडलं. सरकारने मंडळांच्या मूर्तींना ४ फुटांची आणि घरच्या मूर्तींना २ फुटांची मर्यादा घातली. २०२० मध्ये राजाची मूर्ती बसलीच नाही, मंडळाने आरोग्योत्सव केला. २०२१ मध्ये तो बसला तो ४ फुटांचा. परांचीवर उभं राहून ज्यांनी जन्मभर हाताएवढे डोळे काढले, त्यांना जमिनीवर मांडी घालून अंगठ्याएवढे काढावे लागले. परांचीवरची ती कडक रेघ या डोळ्याला चालली नसती. मला तर तेव्हाच्या त्या मूर्ती फार आवडल्या. मंडपातला देव पहिल्यांदाच घरच्यासारखा समोरासमोर बघत होता. मंडळाच्या पोरांना हे बोलून दाखवलं नाही. ती पुढच्या वर्षीची उंची मोजत होती.

आणि गंमत म्हणजे एवढं करूनही आखणीवाल्याच्या हातून देवाचे डोळे उघडत नाहीत. ते चतुर्थीला सकाळी, प्राणप्रतिष्ठेच्या वेळी उघडतात. नेत्रोन्मीलन. दुर्वा तुपात बुडवायची आणि मूर्तीच्या दोन्ही डोळ्यांना लावायची. झाला ब्रश, झालं लायनर. आमच्याकडे गेल्या खेपेला गुरुजी घाईत होते, पुढची घरं खोळंबली होती. तूप जरा जास्तच लागलं आणि त्या विटकरी पापणीवरून थेंब ओघळून गालावर आला. भाची ओरडली, “अहो पसरेल ते!” गुरुजींनी ढुंकून पाहिलं नाही. आणि पसरलं काहीच नाही. पाण्यात कालवलेला रंग वाळल्यावर तुपाला दाद देत नाही. हिच्या डबीतलं मेणट जेल मात्र तेला-तुपाचा हात लागला की सुटतं. रात्री ती ते खोबरेलानेच काढते. तेव्हा गुरुजींनी तीच दुर्वा तीर्थाच्या पेल्यात बुडवून सगळ्यांवर शिंपडायला घेतली, तशी ती दोन्ही हात डोळ्यांवर धरून स्वयंपाकघरात पळाली आणि आरती सुरू होईपर्यंत बाहेर आली नाही.