रोडगा वाहणारी सून

विक्षिप्त घरांच्या गोष्टी कुणाला आवडत नाहीत? आत्या सोवळ्याची, काका तिरसट, आजोबा ज्योतिषाच्या नादी, आणि सगळे एकाच छपराखाली! आचार्य अत्र्यांच्या ‘साष्टांग नमस्कार’ या १९३३ सालच्या नाटकातले रावसाहेब असेच. दुखणं कुठलंही असो, औषध एकच, सूर्यनमस्कार!

पण दोस्तांनो, माझं लाडकं विक्षिप्त घर त्याहून जवळजवळ साडेतीनशे वर्षं जुनं आहे. ते नाटकात नाही की कादंबरीत नाही, ते आहे पैठणच्या संत एकनाथांच्या (१५३३–१५९९) एका भारुडात. पाच-सहा कडव्यांत आख्खी कादंबरी!

आमच्या मुळशीत सप्ताह बसला, की पहाटे काकडा, दुपारी भजन आणि रात्री कीर्तन असतं. एखाद्या रात्री भारूड रंगतं. चांगला मिशाळ बुवा नऊवारी नेसून, कपाळभर कुंकू लावून टाळ-मृदंगाच्या मधोमध येतो. ही झाली सून. ती भवानीआईला नवस बोलते, की मला पाव, मी तुला रोडगा वाहीन.

“रोडगा म्हणजे काय?” माझ्या भाचीनं विचारलं. बरोबरच आहे, आम्ही पडलो आंबेमोहोर पिकवणारे भातखाऊ! रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला.

आता या सूनबाईंची मागणी ऐका. सासरा गावाला गेलाय, त्याची तिकडेच काय ती व्यवस्था लाव. सासू छळते, तिला उचल. जाऊ उलट बोलते (तिच्याबद्दल जे मागितलंय ते इथे लिहवत नाही). नणंदेचं पोर किरकिर करतं, त्याला खरूज होऊ दे. नवराही सुटत नाही, त्याची तर आहुतीच! सगळे जाऊ देत, मी एकटी राहू दे. आणि एवढ्या कामांची मजुरी किती? एक रोडगा!

मांडव हसून हसून लोळत होता. तेवढ्यात पुढे बसलेले एक आजोबा उसळले, “देवीच्या दारात देवीची थट्टा? पोरं काय शिकायची यातून?” त्यांचा प्रश्न काही वावगा नव्हता. पोटतिडकीनं विचारत होते. त्यांच्या मागेच त्यांची सून पदर तोंडात धरून हसत होती, हेही खरं.

कीर्तनकारांनी मग अर्थ उलगडला. सासरा म्हणजे अहंकार, बाकीची मंडळी म्हणजे आपल्यातलेच बाकीचे दोष. ते गेले की जीव एकटा, मोकळा होतो. आजोबा शांत झाले. अर्थ खराच आहे. पण बायका हसल्या त्या काही अहंकाराला नव्हे हो! आणि देवीची थट्टा कुठे आहे त्यात? ती बिचारी भारुडभर एक शब्द बोलत नाही. थट्टा आहे ती तिच्याशी चाललेल्या घासाघिशीची. दहावीला भूमितीच्या पेपराआधी मीही मारुतीला एक नारळ कबूल केला होता. पस्तीस मार्कांना एक नारळ, हा दर मी कुठून काढला कोण जाणे.

नाथ एवढ्यावर थांबले नाहीत. ‘हिंदू-तुर्क संवाद’ नावाच्या त्यांच्या भारुडात एक हिंदू आणि एक मुसलमान एकमेकांच्या देवाधर्माची यथेच्छ उणीदुणी काढतात आणि शेवटी चक्क गळ्यात पडतात. सोळाव्या शतकात! पुढे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी (१८७१–१९३४) ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटाकडून आपल्या रूढींची अशीच फजिती करवली. भाषा थोडी जुनी वाटेल, पण सुट्टीत मोठ्यांकडून वाचून घ्या.

परतताना भाचीनं विचारलं, “मामा, मग देवी पावली का तिला?” मी गप्प. भारुडात ते सांगितलेलंच नाही. आमच्या पुढेच चाललेली त्या आजोबांची सून वळून म्हणाली, “पावली असती, तर दर सप्त्याला येऊन मागितलं असतं का बाळा?”