वजन ७४ किलो

या लेखातील दोन्ही माणसे आपल्याच महाविद्यालयातील आहेत, आणि जिमखान्याच्या बाजूने जाणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक आहेत. त्यातला एक मी. दुसऱ्याचे नाव मी लिहीत नाही. त्याला माझा मित्र एवढेच म्हणतो, कारण तो माझा मित्र आहे, मध्यंतरीचे काही महिने सोडले तर.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ७४ किलो वजनगटाची शेवटची कुस्ती. माझा मित्र आपल्या संघाचा कप्तान. कुस्ती संपायला अर्धे मिनिट उरले असताना पंचांनी प्रतिस्पर्ध्याला दोन गुण दिले. ते बरोबर दिले की चूक, यावर आमच्या खोलीत अजून वाद होतो. मी गादीच्या कडेला बसलो होतो आणि मला ते चूक वाटले होते. पण त्यानंतर जे झाले त्यावर वाद नाही. माझ्या मित्राने पंचांना दोन्ही हातांनी ढकलले. पंच साठीच्या आसपासचे गृहस्थ. ते गादीबाहेर फरशीवर पडले आणि त्यांचे मनगट मोडले. मित्रावर एक वर्षाची बंदी आली.

त्या वर्षी त्याच्या जागेवर मी गेलो. पाठीवर महाविद्यालयाचे नाव असलेला पोशाख अंगावर चढवला आणि दुसऱ्याच फेरीत हरून परत आलो. तरीही ती जागा आता माझी झाली असे मला वाटू लागले होते. जागेचे असेच असते. एसटीत रुमाल टाकणाऱ्यालाही तसेच वाटते.

वर्ष संपले, बंदी उठली आणि मित्राने निवड चाचणीसाठी नाव दिले. जिमखान्यात बैठक झाली. मी उभा राहून बोललो, आणि चांगले बोललो असे मलाच वाटले. ज्याने पंचावर हात टाकला त्याने महाविद्यालयाचे नाव पाठीवर घालून पुन्हा गादीवर उतरावे काय, प्रतिनिधित्व म्हणजे काय, नव्या मुलांनी यातून काय शिकायचे, असे बरेच काही. टाळ्याही पडल्या. क्रीडा विभागाचे सर शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, “तुझं वजन किती रे?”

मी म्हटले, “चौऱ्याहत्तर.”

सगळे हसले. मी खाली बसलो. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि हा लेख खरे तर त्याच रात्री सुरू झाला.

हा प्रश्न आमच्यापुरता नाही, हे मला ठाऊक होते. २०१६ साली मी प्राथमिक शाळेत होतो. गावच्या तालमीत नरसिंग यादवचे चित्र लावलेले होते. मूळचा उत्तर प्रदेशातल्या घरातला, मुंबईत वाढलेला, २०११, २०१२ आणि २०१३ असा लागोपाठ तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला हा मल्ल. त्याचाही गट ७४ किलोचा. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत लास व्हेगासला त्याने कांस्यपदक मिळवले आणि त्यातून रिओ ऑलिंपिकची जागा आली. दोन ऑलिंपिक पदके मिळवलेला सुशीलकुमार त्याच गटात होता. आमच्या दोघांची चाचणी घ्या, अशी मागणी घेऊन तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने जून २०१६ मध्ये ती फेटाळली. मग उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत नरसिंग दोषी निघाला. माझ्या खाण्यापिण्यात कोणी तरी मिसळले, असे त्याने सांगितले. देशातल्या समितीने १ ऑगस्टला ते मानले आणि तो रिओला पोचला. पण त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते मानले नाही आणि चार वर्षांची बंदी घातली. आमच्या तालमीत दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी जोर मारले नाहीत, एवढे मला आठवते.

चार वर्षे संपली. डिसेंबर २०२० मध्ये बेलग्रेडच्या विश्वचषक स्पर्धेत नरसिंग भारताकडून उतरला. पदक मिळाले नाही. पण तो उतरला, आणि तालमीतल्या कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. उलट आमचे वस्ताद म्हणाले, “भोगून आलाय तो.” तेव्हा मीही मान डोलावली होती. नरसिंगच्या जागेवर माझा रुमाल नव्हता.

‘भोगून आलाय’ या दोन शब्दांत वस्तादांनी जे सांगितले, तेच मोठमोठ्या वकिलांनी लवादापुढे सांगितले आहे, हे मला नंतर वाचनात कळले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २००८ साली असा नियम केला होता की ज्याला उत्तेजकांबद्दल सहा महिन्यांहून जास्त बंदी झाली, त्याने बंदी संपली तरी पुढच्या ऑलिंपिकमध्ये उतरू नये. बीजिंगला ४०० मीटर जिंकणारा अमेरिकेचा लाशॉन मेरिट त्यात अडकला. २०११ साली लवादाने हा नियम रद्द केला. एका गुन्ह्याची शिक्षा ठरलेली असताना वरून आणखी एक लादता येणार नाही, असा त्याचा अर्थ. ब्रिटनचा नियम तर जन्मभराचा होता. तोही एप्रिल २०१२ मध्ये गेला, आणि ड्वेन चेंबर्स नावाचा धावपटू त्याच वर्षी लंडनमध्ये आपल्याच देशातल्या प्रेक्षकांपुढे धावला.

म्हणजे कायद्याने माझ्या मित्राची बाजू पक्की होती. त्याने मला वसतिगृहाच्या नळावर गाठून तेच विचारले होते. “मपली शिक्षा म्या भोगली. आता तुपलं काय गेलं?” माझे काय गेले ते आम्हा दोघांनाही माहीत होते, म्हणून मी उत्तर दिले नाही.

पण मन एवढ्यावर थांबत नव्हते. शिक्षा भोगली म्हणजे मनगट जुळले काय? मग मी आणखी वाचत गेलो आणि भलत्याच खेळात जाऊन पोचलो: घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या खेळात. आपल्याकडे हा खेळ लष्कर आणि मोठ्या शहरांतले क्लब सोडले तर कोणी पाहिलेला नाही. मीही नाही. पण त्यातली एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून ठेवले.

२००८ च्या ऑलिंपिकमधल्या घोड्यांच्या स्पर्धा हाँगकाँगला झाल्या. तिथे काही घोड्यांच्या तपासणीत कॅप्सेसिन सापडले. कॅप्सेसिन म्हणजे आपल्या मिरचीतला तिखटपणा. तो दुखणाऱ्या भागावर औषध म्हणूनही लावतात. पण घोड्याच्या पायाला लावला तर कातडी अशी हुळहुळते की आडव्या दांडीचा नुसता स्पर्शही त्याला सोसवत नाही, म्हणून तो पाय वर घेऊन उडी मारतो. ज्याने मिरची कांडून झाल्यावर चुकून डोळ्याला हात लावला आहे, त्याला हे समजावून सांगायला नको. नॉर्वेच्या संघाने मिळवलेले कांस्यपदक यातच गेले. ब्राझीलच्या रॉड्रिगो पेसोआच्या घोड्यातही याच जातीचे द्रव्य सापडले आणि त्याला स्पर्धेतून बाद करून काही महिन्यांची बंदी झाली.

या पेसोआची आणखी एक गंमत आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तो दुसरा आला होता. पहिला आलेला आयर्लंडचा कियान ओकॉनर. त्याच्या घोड्यात बंदी असलेली शामक द्रव्ये सापडली, सुवर्णपदक काढून घेतले गेले आणि ते पेसोआला मिळाले. ओकॉनरने मुद्दाम फसवणूक केली नव्हती हे मानून त्याला तीनच महिन्यांची बंदी झाली. पुढे २०१२ साली लंडनला ओकॉनरने आपल्या देशासाठी कांस्यपदक मिळवले, आणि त्याच लंडनला उद्घाटनाच्या संचलनात ब्राझीलचा ध्वज कोणाच्या हातात होता? पेसोआच्या.

ध्वजाचे वाचून मी थबकलो. ओकॉनर घोड्यावर बसला यात मला काही खटकत नाही. पेसोआ बसला यातही खटकत नाही. खेळायला मिळणे हा शिक्षा संपलेल्या माणसाचा हक्क आहे. पण ध्वज हातात मिळणे हा कोणाचाच हक्क नाही. तो दिला जातो. तो देताना देणाऱ्याने घोड्याच्या पायाकडे एकदा पाहायला हवे होते, असे मला वाटते. पेसोआला स्वतःला त्या द्रव्याची माहिती होती की नव्हती, हा वेगळा प्रश्न. घोड्याला मात्र होती.

माझे चुलते शंकरपटाचे शौकीन. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायद्यावर शिक्कामोर्तब केले, तेव्हा त्यांनी पेढे वाटले. बंदीच्या आधी पराणीला आर लावून ती बैलाला टोचण्यात काही गैर आहे असे कोणी मानत नसे. चुलतेही टोचत. आता ते टोचत नाहीत. अटीत बसत नाही म्हणूनही, आणि खरोखर नको वाटते म्हणूनही. त्यांचा त्या काळातला एक बैल म्हातारा होऊन दावणीला होता. दिवाळीच्या सुटीत मी त्यांना विचारले, “तात्या, याने तुम्हाला माफ केलं असंल का?” तात्या बराच वेळ वैरण टाकत राहिले. मग म्हणाले, “सगळे बैल माणसाच्या तोंडाकडं बघत्यात. ह्यो मपल्या हाताकडं बघतो.”

चुलत्यांनी पट सोडावा असे मी म्हणणार नाही, आणि म्हटले तरी ते सोडणार नाहीत. पण हाताकडे पाहणारा बैल माझ्या डोक्यातून गेला नाही. परत आल्यावर मी मित्राला विचारले, “त्या पंचांकडे गेला होतास का कधी?”

तो तीनदा गेला होता. मला, कोणालाच, सांगितले नव्हते. पहिल्या दोन खेपांना ते भेटले नाहीत. तिसऱ्या खेपेला त्यांनी पाणी दिले, ऐकून घेतले आणि म्हणाले, “मी तुला माफ केलेलं नाही. पण तू खेळ. माझ्याकडून त्याला हरकत नाही. फक्त तुझी कुस्ती असली की मी गादीवर पंच म्हणून उभा राहणार नाही.” मनगट अजून थंडीत ठणकते, असेही त्यांनी सांगितले. मित्राने हे मला सांगितले तेव्हा तो मत्स्योदरीच्या पायऱ्यांवर बसला होता. रोज पहाटे आम्ही त्या पायऱ्या पळत चढत असू, त्या दिवशी मात्र तो अर्ध्यावर थांबला होता.

माफी एक आणि परवानगी एक, हे त्या पंचांना जितके स्वच्छ दिसले तितके मला दिसले नव्हते. आम्ही दोन्ही एकत्र कालवून बोलत होतो. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत हरल्यावर शिवराज राक्षे याने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली, आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. त्या दिवशी वसतिगृहात दोनच पक्ष होते. एक म्हणे निर्णय चुकला होता, म्हणजे लाथ बरोबर. दुसरा म्हणे याला जन्मभर खेळू देऊ नका. निर्णय चुकला असेलही, लाथ तरीही चूक, आणि तीन वर्षे म्हणजे तीनच वर्षे, असे म्हणणारा तिसरा पक्ष निघाला नाही. मी स्वतः जन्मभरवाल्यांत होतो. वजन ७४ किलो!

दुसऱ्या बैठकीत मी पुन्हा बोललो. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. त्याला चाचणी देऊ द्या, जिंकला तर पाठवा. कप्तानपद मात्र या वर्षी देऊ नका, एवढेच मी म्हटले. एका मुलाने विचारले की कप्तानपदाला नाही म्हणणे ही वरून लादलेली दुसरी शिक्षाच नव्हे काय? प्रश्न चांगला होता. संघातली जागा कमावलेली असते आणि कप्तानपद सोपवलेले असते, असे मी उत्तर दिले. त्याचे समाधान झाले नाही. माझे झाले आहे, पण थोडेसेच. मित्र मागच्या बाकावर होता. तो म्हणाला, “मला कप्तानपद नगंच.”

चाचणी झाली. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव. शेवटच्या मिनिटापर्यंत मी चार-तीनने पुढे होतो. मग त्याने एकेरी पट काढला आणि मला गादीबाहेर नेता नेता दोन गुण घेतले. ते दोन गुण बरोबर होते की एकच द्यायला हवा होता, याबद्दल मला अजून शंका आहे. मी पंचांकडे पाहिले. सरच पंच होते. मी काही बोललो नाही. पण हात क्षणभर वर उचलला गेला होता, हे इथे लिहून ठेवतो. मित्राने तो पाहिला.

संघ निघाला त्या दिवशी मी अंबडच्या बसस्थानकावर गेलो. गेल्या वर्षीचा पोशाख माझ्याकडेच होता. आईने तो धुऊन, उसवलेला खांदा शिवून दिला होता. मित्राने तो उलगडला, खांद्याची शिवण ओढून पाहिली आणि म्हणाला, “लई घट्ट शिवलाय रे.” मग जालन्याची गाडी लागली.