फुप्फुसातील गाठ, सावली आणि छेद

बेंगळुरूच्या उत्तरेस हेब्बाळला बाह्य वर्तुळमार्ग बळ्ळारी रस्त्याला मिळतो आणि विमानतळाकडे निघालेली वाहने तेथे तुंबतात. त्या चौकात उभ्या राहणाऱ्या वाहतूक पोलिसाने आयुष्यात विडी ओढली नसली, तरी डिझेलचा धूर त्याला चुकत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हा धूर २०१२ मध्ये आणि बाहेरची प्रदूषित हवा २०१३ मध्ये निश्चितपणे कर्करोगकारक ठरवली. तंबाखूचा वाटा अर्थातच सर्वांत मोठा आहे. पण व्यसन नाही एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

फुप्फुसाच्या आतल्या भागाला वेदनेची जाणीव जवळजवळ नसते. गाठ छातीच्या आवरणाला किंवा मोठ्या श्वासनलिकेला भिडेपर्यंत गप्प राहते. लक्षणांपूर्वीच ती शोधायची, तर कशाने? तपासणीच्या पॅकेजातला छातीचा एक्स-रे स्वच्छ आला की माणूस निश्चिंत होतो. ही निश्चिंती फसवी आहे. अमेरिकेत सुमारे दीड लाख लोकांवर झालेल्या चाचणीत दरवर्षी एक्स-रे काढूनही फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू घटले नाहीत, असे २०११ मध्ये स्पष्ट झाले. (लक्षणे असताना एक्स-रे काढणे ही निराळी गोष्ट, तो काढलाच पाहिजे.)

एक्स-रे ही अखेर सावली. बरगड्या, हृदय, रक्तवाहिन्या एकमेकांवर पडतात आणि लहान गाठ त्यांच्याआड दडते. सीटी स्कॅन शरीराचे छेद दाखवतो. त्यासाठी कॉर्मॅक या भौतिकशास्त्रज्ञाला आणि हाउन्सफील्ड या अभियंत्याला १९७९ चे नोबेल मिळाले. हाउन्सफील्ड मापनात पाणी ०, हवा उणे १०००. फुप्फुस बहुतांशी हवाच असल्याने उणे ८०० च्या आसपास असते, तर भरीव गाठ शून्याजवळ. फरक एवढा मोठा, की किरणांची मात्रा बरीच उतरवून चित्र खरखरीत झाले तरी गाठ उठून दिसते. यकृतात ही सोय नाही. अशा लो-डोस सीटीची मात्रा सुमारे १.५ मिलिसिव्हर्ट भरते. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतेच. २०११ मध्येच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अमेरिकी चाचणीत या तपासणीमुळे एक्स-रेच्या तुलनेत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले.

मात्र त्या चाचणीत ५५ ते ७४ वयाचे, रोज एक पाकीट याप्रमाणे ३० वर्षांइतकी सिगारेट ओढलेले लोक होते. हेब्बाळचा पोलीस त्यात बसत नाही, आणि विडीचा हिशेब पाकिटांत कसा मांडायचा? शिवाय तिथेही संशयास्पद ठरलेल्या तपासण्यांपैकी ९६ टक्के कर्करोगाच्या निघाल्या नाहीत. क्षयाचे जुने व्रण घरोघरी असलेल्या आपल्या देशात सरसकट सीटी काढले, तर विनाकारण सुया टोचल्या जाणाऱ्यांची रांग लागेल. पन्नाशी ओलांडलेल्या, वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढलेल्यांनी डॉक्टरांशी बोलून ही तपासणी जरूर करावी. तिशीतल्या निरोगी माणसाने हौसेने करू नये.

क्षयाचा गोंधळ उलट दिशेनेही होतो. एक्स-रेवरचा डाग पाहून क्षयाची औषधे सुरू होतात आणि मोलाचे महिने निघून जातात. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर थुंकी तपासणे योग्यच. पण थुंकीत जंतू नाहीत, औषधांनी उतार नाही, वजन घटते आहे किंवा खोकल्यातून रक्त पडते आहे, अशा वेळी औषधांचा कोर्स संपण्याची वाट न पाहता सीटी आणि गरजेप्रमाणे बायॉप्सीविषयी रुग्णाने स्वतःहून विचारावे.